दोन लहान मुलं असलेल्या मैत्रिणीकडे सहा दिवस राहायला जातेय, काय नेऊ?

शेवग्याची_शेंग | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि नवरा बंगळुरूला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे जातोय. हॉटेलचं नाव काढलं तर बाईंनी फोनवरच भांडण केलं, त्यामुळे सहा दिवस मुक्काम तिच्याच घरी. तिला दोन मुलं. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. नवरा धारवाडचा, सासूबाई त्यांच्याकडेच असतात. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे कुठल्या वयाला काय चालतं यात आम्ही दोघंही ढ.

मागे गेलो होतो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. मी तिच्याएवढाच एक टेडी नेला. त्या टेडीने गेली चार वर्षं त्यांच्या सोफ्यावरची एक जागा अडवली आहे. व्हिडिओ कॉलवर मैत्रिणीच्या मागे तो बसलेला दिसतो आणि मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती बिचारी काही बोलत नाही, पण या खेपेला आधीच बजावलंय, "काही आणू नकोस, घरात पाय ठेवायला जागा नाही." आता हे खरंखुरं 'नको' आहे की आपलं 'नको नको, कशाला उगाच' मधलं 'नको', ते कळत नाही.

बजेट अडीच हजारांपर्यंत. पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने जाणार, त्यामुळे वजनाची अडचण नाही. मुलांना द्यावं, तिला द्यावं, की सगळ्यांना थोडं थोडं?

आगाऊ_पाहुणा

टेडी परत घेऊन या. यापेक्षा मोठी भेट नाही. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तिरकस

ढोलकी न्या. पुढच्या वेळी ती स्वतःच तुमचं हॉटेल बुक करेल.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

कुणी कितीही नको म्हणो, लेकुरवाळ्या घरात रिकाम्या हाताने शिरायचं नाही. दार उघडल्यावर मुलं तोंडाकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघतात. आम्ही कुठेही गेलो तरी नाशिकचा चिवडा आणि बेदाणे ठरलेले. खाऊन संपतं, कपाट अडत नाही. अडीच हजार वगैरे फार झाले.

जुळ्यांची_आई

यजमानाच्या बाजूने लिहिते, कारण आमचं ठाण्यातलं घर म्हणजे धर्मशाळा आहे. यंदा मे महिन्यात चार कुटुंबं येऊन गेली. ती गेल्यावर शिल्लक राहिलं ते असं: रिमोटच्या दोन गाड्या (एकीचा रिमोट दुसऱ्या दिवशी गेला, दुसरीची गाडी), हजार तुकड्यांचं जिगसॉ (मुलं तेव्हा चार वर्षांची!), आणि दाबलं की इंग्रजी गाणं म्हणणारी गाय. त्या गायीला बंद करायचं बटण नाही. ती सध्या माळ्यावर आहे आणि रात्री कधीतरी आपणहून गाते.

आजवरचा सर्वांत चांगला पाहुणा म्हणजे नवऱ्याचा एक जुना मित्र. त्याने काय आणलं ते मला आठवतसुद्धा नाही. पण शनिवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "सकाळी पोरं उठली की मी त्यांना खाली बागेत नेतो. तुम्ही दोघं उठू नका." आम्ही साडेआठपर्यंत झोपलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. उठले तर ओट्यावर दूध तापवून ठेवलेलं. मी त्या माणसाला राखी बांधायची तेवढी बाकी ठेवली.

सहा दिवस राहणार असाल तर एका संध्याकाळी मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर जेवायला पाठवा, मुलं तुम्ही सांभाळा. घरात आजी आहेत, म्हणजे मुलांनाही परकं वाटणार नाही.

गोंधळलेला_बाबा

जुळ्यांची_आई, लिहिलंय छान, पण मी माझी मुलं नवऱ्याच्या 'जुन्या मित्रा'बरोबर एकटी पाठवणार नाही. माणूस वाईटच असतो असं नाही, पण हा पायंडा नको वाटतो.

जुळ्यांची_आई

@गोंधळलेला_बाबा, तो माणूस पंधरा वर्षं घरच्यासारखा आहे आणि बाग आमच्या खिडकीतून दिसते. तरी मुद्दा मान्य. पाहुण्याने फक्त सुचवावं, आग्रह धरू नये. यजमान "राहू दे" म्हणाले की विषय तिथेच संपला.

शेवग्याची_शेंग

अडीच वर्षांच्या मुलाला सांभाळायचं म्हणजे आम्हालाच कुणीतरी सांभाळायला लागेल. पण कल्पना आवडली. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "त्यापेक्षा ढोलकी नेऊ."

तिरकस

तुमचे पतिराज सुज्ञ आहेत.

पाळणाघर_ते_दवाखाना

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. खेळणी न्यायचीच असतील तर अडीच वर्षांच्या मुलाकडे बघून घ्या, सात वर्षांच्या मुलीकडे बघून नाही. ताईची वस्तू शेवटी त्याच्याच तोंडात जाते.

सगळ्यात आधी बटण सेल. गाणी म्हणणारी पुस्तकं, चमकणाऱ्या अंगठ्या, छोटे दिवे, सगळ्यांत ते चपटे सेल असतात. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ती वस्तू दुकानातच ठेवा. तसेच ते छोटे जोरकस चुंबकाचे मणी. दोन गिळले तर आतड्याला मध्ये चिमटा बसतो. बारीक तुकड्यांसाठी सोपी परीक्षा अशी की साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. फुगेही नकोत, फुटलेला तुकडा घशात बसतो.

खाऊचंही तेच. चिक्की, अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. पुण्याहून जाणारा माणूस लोणावळ्याची चिक्की घेतोच, म्हणून मुद्दाम लिहिलं. शिवाय दाण्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा. आणि कुणाकडे वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाची बाटली बाळासाठी म्हणून नेऊ नका, त्या वयात मध चालत नाही.

आगाऊ_पाहुणा

हे वाचून मी घरातला कॅलक्युलेटर कपाटात टाकला.

कोकणातला_कोयता

सावंतवाडीची लाकडी खेळणी न्या. चितार आळीतली. प्लास्टिकचा कचरा नाही, सेल नाही, आवाज नाही. बंगळुरूच्या माणसाला चन्नपट्टण तासा-दोन तासांवर, तिकडची लाखेची खेळणी त्यांच्या घरात असतीलच, म्हणून आपली सावंतवाडीची. आमच्याकडे लाकडी फळांची परडी आहे. आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षांचे असताना त्यातल्या आंब्याला कडकडून चावा घेतला. दातांच्या खुणा अजून आहेत. मी ती परडी कुणाला देणार नाही.

पाळणाघर_ते_दवाखाना

फळं शोकेसमध्ये ठेवायची असतात, रंग कुठला वापरलाय ते विचारून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे.

कोकणातला_कोयता

नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, ताई. रंगाचं मात्र बरोबर. माझ्या पोराला काही झालं नाही, पण तो घावणेही तव्यावरून उचलून खातो, त्याच्यावरून अंदाज बांधू नका.

मंजुळा_पाच

मुलीसाठी तुळशीबागेतली भातुकली! पितळेची किंवा स्टीलची. आमच्या पिढीतल्या एकाही मुलीला ती बघून राहवणार नाही.

रोखठोक_रेवा

आलं का. मुलीला भातुकली आणि मुलाला गाडी. २१व्या शतकात तरी थांबवा हे.

मंजुळा_पाच

मी मुलाला गाडी द्या असं कुठे लिहिलंय? भातुकली मी खेळले म्हणून माझं शिक्षण थांबलं नाही. प्रत्येक गोष्टीत चष्मा लावून बघायची गरज नसते.

रोखठोक_रेवा

चष्मा नाही, अनुभव आहे. माझ्या भावाला मेकॅनो आणि मला चूल-बोळकी. तो आज पंखा दुरुस्त करतो आणि मी इलेक्ट्रिशियनला फोन करते.

तिरकस

आणि भाऊ जेवायला कुणाला फोन करतो?

रोखठोक_रेवा

आईला. हाच तर मुद्दा आहे.

कडीपत्ता

भांडू नका गं. भातुकली त्या मुलाला द्या. खरंच सांगते. दोन-तीन वर्षांच्या मुलांना खेळण्यापेक्षा घरातली खरी वस्तू हवी असते, पण त्यांच्या हातात मावेल एवढी. माझ्या भाच्याला मी लाकडी पोळपाट-लाटणं आणि वीतभर कुंचा दिला होता, तुळशीबागेतूनच. पोळ्या चालू असल्या की तो आईच्या पायाशी बसून कणकेचा गोळा लाटायचा. वहिनी म्हणाली, रोजची अर्ध्या तासाची रड थांबली. बारीक वाट्या-चमचे मात्र काढून ठेवा, नर्सताईंचा सव्वातीन सेंटीमीटरचा नियम.

आणखी एक, ज्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही. दोन माणसं सहा दिवस वाढली की भांडी, केर-फरशी, कपडे सगळं वाढतं आणि ते निस्तरतात कामाच्या मावशी. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला विचारून मावशींना पाकीट द्या. गुपचूप देऊ नका, तिथले दर आणि रीत तिला माहीत. माझ्या मते अडीच हजारांतले पहिले पाचशे तिथे जावेत.

जुळ्यांची_आई

कडीपत्ता, साष्टांग नमस्कार. आमच्या मावशी पाहुणे येणार म्हटलं की आजारी पडायच्या. एका पाहुण्याने पाकीट दिल्यापासून विचारतात, "ते पुण्याचे पुन्हा कधी येणार?"

निवांत_आजोबा

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. वाड्यात पाहुणे आले की केळ्यांची फणी, राजगिऱ्याचे लाडू नाहीतर बिस्किटांचा एक पुडा. तो पुडा घरातल्या नि शेजारच्या मिळून अकरा मुलांत वाटला जायचा, प्रत्येकाला दीड बिस्किट. अर्ध्यावरून होणारी मारामारी हे आमचं खेळणं. खरी वाट बघायचो ती पाहुणे निघायची. टांगा दाराशी लागला की काका खिशात हात घालायचे आणि हातावर पावली ठेवायचे. आई मागून "कशाला, कशाला" करायची आणि आम्ही मूठ घट्ट मिटायचो. पावली तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली, पण निघताना मुलांच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत माझ्याकडून सुटत नाही.

गोंधळलेला_बाबा

आजोबा, छान लिहिलंत. पण हल्ली त्या पाकिटांचा हिशेब होतो हो. आम्ही त्यांच्या दोघांना पाचशे-पाचशे दिले, आमचं एकच, म्हणून त्यांनी हजार दिले. म्हणजे एवढा प्रवास करून आम्ही नोटा बदलून आणल्या. मित्रांमध्ये तरी पाकीट नको. आत्या-मामांचं वेगळं.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

पाकीट हवंच. हिशेब मोठी माणसं करतात, मुलांना त्याचं काय.

सांजवेळ_ओसाका

थोडं अवांतर. जपानमध्ये कुणाच्या घरी जाताना 'तेमियागे' नेतात. बहुधा खाण्याचंच, एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेला, घरातल्या प्रत्येकाला पुरेल असा. फार महाग नेलं तर समोरच्यावर ओझं पडतं. चार नग देत नाहीत, कारण चार आणि मृत्यू या शब्दांचा उच्चार सारखा. मी नवी असताना शेजारच्या काकूंकडे चार लाडू घेऊन गेले होते. त्यांनी हसून घेतले. संध्याकाळी माझ्या लेकीने वर्गात शिकलेली ही माहिती मला दिली.

मेलबर्नकर

आमच्याकडे तर पाहुण्याची खरी परीक्षा विमानतळावर. दुधाचे पेढे-बर्फी ऑस्ट्रेलियात आणता येत नाहीत आणि खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहावी लागते. सासूबाईंनी प्रेमाने आणलेले कंदी पेढे अधिकाऱ्याने हातमोजे घालून कचऱ्यात टाकले. त्यांना अजून वाटतं की तो घरी नेऊन खाणार होता. इथे येणाऱ्यांना मी एकच सांगतो, मराठी पुस्तकं आणा.

आगाऊ_पाहुणा

देशातही विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२२ पासून चेक-इन बॅगेत सुकं खोबरं चालत नाही. लवकर पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडतं. माझ्या बायकोला अडवलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरात तीस वर्षं डब्यात आहे, पेटलं नाही." धागाकर्ती ट्रेनने जातेय, तिला सूट.

शेवग्याची_शेंग | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद! मेलबर्नकरांनी पुस्तकं म्हटलं तेव्हा लक्षात आलं. मुलं घरात कानडी आणि इंग्रजी बोलतात. मराठी फक्त आईशी, तेही "आई, भूक लागली" एवढंच. मैत्रीण एकदा म्हणाली होती की माझी भाषा घरात माझ्यापुरतीच उरली. मराठी चित्रांची पुस्तकं नेली तर चालेल का, की तिला टोमणा वाटेल?

मंजुळा_पाच

टोमणा कसला. पण सात वर्षांच्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुलीला जाड पुस्तक नको. पानावर दोन ओळी आणि मोठं चित्र, म्हणजे आई वाचेल आणि धाकटाही बघेल. ज्योत्स्ना प्रकाशनाची अशी पुस्तकं पुण्यात सहज मिळतील. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक तर संकेतस्थळावर फुकट आहेत, मैत्रिणीला दुवा पाठवा, तीच वाचत बसेल.

रोखठोक_रेवा

मंजुळाताईंशी सहमत. (हो, मीच लिहितेय.)

कडीपत्ता

पुस्तक देऊन मोकळं होऊ नका, रोज रात्री एक तुम्ही वाचून दाखवा. आणि मैत्रिणीसाठी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. तिच्या माहेरची चव.

गोंधळलेला_बाबा

बंगळुरूत हे सगळं दहा मिनिटांत दारात येतं हो.

कडीपत्ता

पाकीट येतं. तिच्या आईच्या हातचं मेतकूट येत नाही. आई पुण्यातच असतील तर त्यांच्याकडूनच डबा घेऊन जा. खर्च शून्य.

तिरकस

आणि सासूबाईंना? धारवाडच्या बाईंना पेढे नेलेत तर तो विनोद होईल. मसालाही देऊ नका. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मसाला नेणं म्हणजे अभिप्राय देणं.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरून जाते. तिथली शेंगाचटणी घ्या. धारवाडलाही शेंगाचटणी करतात, त्यामुळे कुणाची चांगली यावर त्यांना सहा दिवस बोलता येईल. नर्सताई, पूड चालेल ना?

पाळणाघर_ते_दवाखाना

ॲलर्जी नसेल तर चालेल. तिखट मोठ्यांनी खावं.

निवांत_आजोबा

त्या सात वर्षांच्या मुलीला पत्त्यांचा एक जोड द्या. शंभर-दीडशेच्या आत काम होतं आणि खिशात मावतो. भिकार-सावकार आणि बदाम सात त्या वयाला छान जमतात. तिघं असाल तर पाच-तीन-दोन, तीस पत्ते, दहा-दहा वाटायचे, पण ते जरा पुढच्या वर्षी. वस्तू एकदम सगळ्या बाहेर काढू नका. पहिल्या रात्री सगळं दिलंत तर उरलेले पाच दिवस मुलं तुमच्या बॅगेभोवती फिरतील.

रोखठोक_रेवा

लहान मुलीला जुगार?

निवांत_आजोबा

बदाम सातमध्ये आजवर कुणी घर हरल्याचं ऐकलं नाही, बाळ.

शेवग्याची_शेंग | १५ डिसेंबर, रात्री ९:०५

परत आलो. वृत्तान्त देते, नाहीतर तुम्ही सोडणार नाही.

नेलं ते असं: मैत्रिणीच्या आईकडून मेतकूट आणि भाजणी (काकूंनी तीन किलो दिली, नवऱ्याने बॅग उचलताना तुम्हा सगळ्यांची आठवण काढली), दोन चित्रांची पुस्तकं, पत्त्यांचा जोड, छोटं पोळपाट-लाटणं, सोलापूरची चटणी. मावशींच्या पाकिटासकट बावीसशेत बसलं.

मेतकुटाचा डबा उघडून मैत्रीण ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग काही न बोलता मऊ भात लावला. रात्री साडेदहाला, आमची जेवणं झाल्यावर.

पोळपाट-लाटणं हिट. मुलगा ते घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने लाटणं बहिणीच्या डोक्यात घातलं, तेव्हापासून ते फक्त आईच्या पोळ्यांच्या वेळी मिळतं. त्याबद्दल इथे कुणी आधी बजावलं नव्हतं, नोंद घ्यावी. पुस्तकांचं म्हणाल तर एक त्याने चाखलं, एक बचावलं.

बाहेर जेवायला पाठवायचा बेत जमला, पण दोघं पाऊण तासात परत आली. "सवय राहिली नाही," म्हणाली.

पत्ते मी चौथ्या दिवशी काढले. मुलगी, मी, नवरा बसलो आणि बदाम सात शिकवलं. थोड्या वेळाने सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांना मराठी कळतं पण बोलत नाहीत, माझं कानडी 'ऊटा आयता'च्या पुढे जात नाही. पत्त्यांना काहीच लागलं नाही. बाईंनी इस्पिकचा आठ्ठा असा काही अडवून धरला की आम्ही तिघं पास पास करत बसलो. शेंगाचटणीची त्यांनी एकदा चव घेतली आणि मान हलवली. कुठल्या अर्थाने ते मैत्रीण सांगायला तयार नाही.

आता टेडी. पाचव्या दिवशी मी मैत्रिणीला हळूच म्हटलं, हा आम्ही परत नेतो, देऊ कुणालातरी. मुलीने ऐकलं. "मग पाचवा भिडू कोण?" कारण आदल्या रात्रीपासून त्यालाही पत्ते वाटले जात होते. त्याच्या वतीने ती खेळायची, स्वतःचे वाईट पत्ते त्याच्या हातात सरकवायची, आणि तरी शेवटच्या रात्री तो जिंकला. सोफ्यावर आहे अजून.

तिरकस

म्हणजे ढोलकी नेलीच नाहीत.

निवांत_आजोबा

इस्पिकचा आठ्ठा अडवणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

नवी_पालवी

धागा आत्ताच वाचला. मी फेब्रुवारीत दुबईला चुलतभावाकडे जातेय, तीन मुलं आहेत, चार, नऊ आणि चौदा. चौदा वर्षांच्याला काय न्यावं? तो कुणाशी बोलत नाही.

कडीपत्ता

त्याला वायफायचा पासवर्ड विचारा, बोलेल. बाकीच्यांसाठी नवा धागा काढ गं, इथे आता पत्त्यांचाच विषय चालणार.